आखडलेला खांदा, फाटलेली कंडरा : शस्त्रक्रिया आधी की व्यायाम?

फळीवरील डबा काढणे, दोरीवर ओले कपडे वाळत घालणे, पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लावणे किंवा मागील खिशातील पाकीट काढणे या क्रिया इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की, त्यांसाठी खांदा नावाचा एक सांधा दिवसभर राबत असतो याची जाणीवही कोणास होत नाही. ती होते बहुधा पन्नाशी उलटल्यानंतर, आणि तीही रात्री. कुशीवर वळताच कळ येते, झोपमोड होते आणि सकाळी केस विंचरण्यासाठी हात वर जात नाही. काही आठवडे मालीश, मलम आणि गरम पाण्याची पिशवी यांत निघून जातात. नंतर एमआरआय होतो आणि अहवालात दोन गोष्टी एकत्रितपणे नमूद केलेल्या आढळतात : खांद्याची कंडरा फाटली आहे आणि सांध्याचे आवरणही आखडले आहे. एक तज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवितात, दुसरे सहा महिने व्यायाम करावयास सांगतात आणि घरातील मंडळी संभ्रमात पडतात.

‘शस्त्रक्रिया की व्यायाम’ हा प्रश्न वरवर सरळ दिसतो. परंतु तो तसा नाही. येथे एकाच सांध्यात दोन भिन्न विकार नांदत असतात आणि त्यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. आखडलेल्या सांध्याला हालचाल हवी असते, तर शिवलेल्या कंडरेला विश्रांती. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला अपथ्य. यास्तव खरा निर्णय दोहोंतून एक निवडण्याचा नसून, आधी काय आणि नंतर काय, हा क्रम ठरविण्याचा असतो.

एका सांध्यातील दोन विकार

खांदा हा उखळीचा सांधा होय. मांडीचा सांधाही त्याच जातीचा; परंतु त्याची उखळी खोल, तर खांद्याची बशीसारखी उथळ. बशीत ठेवलेले लिंबू जसे कोणत्याही दिशेस घरंगळू शकते, तसे दंडाच्या हाडाचे गोल टोक या उखळीत फिरते. म्हणूनच खांद्याएवढी मोकळी हालचाल शरीरातील अन्य कोणत्याही सांध्यात होत नाही. हे टोक जागेवर राखण्याचे काम सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू करतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. या चार स्नायूंच्या कंडरा एकमेकींत गुंफून दंडाच्या हाडाच्या टोकाभोवती सदऱ्याच्या बाहीच्या कफासारखे वेष्टन तयार करतात. म्हणून त्यास ‘रोटेटर कफ’ असे नाव पडले. यांपैकी सर्वाधिक फाटते ती सुप्रास्पायनेटसची कंडरा. जुन्या सदऱ्याची कॉलर जशी एका दिवसात फाटत नाही, घडीवर हळूहळू विरत जाते, तशीच ही कंडरा वयोमानानुसार विरते आणि एखाद्या दिवशी किरकोळ निमित्ताने तिला चीर पडते.

आखडणे हा विकार कंडरेचा नव्हे. सांध्याभोवती पिशवीसारखे एक आवरण असते. ते सुजते, जाड होते आणि आकसते. यालाच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. सर्वसाधारण लोकसंख्येत हा विकार २ ते ५ टक्के लोकांस होतो असे मानले जाते; मधुमेहींत मात्र हे प्रमाण १० ते २० टक्क्यांपर्यंत जाते. थायरॉईडच्या विकारांशीही त्याचा संबंध आहे. याशिवाय आखडण्याचे एक साधे कारण असते : कंडरा फाटल्यामुळे दुखते, दुखते म्हणून हात हलविला जात नाही आणि हलविला नाही म्हणून सांधा आखडतो. अशा रीतीने पहिला विकार दुसऱ्यास आमंत्रण देतो.

दोहोंतील फरक ओळखण्याची रीत अतिशय सोपी आहे आणि ती कोणत्याही यंत्राहून जुनी आहे. रुग्णास स्वतःच्या बळावर हात वर नेता येत नाही, पण डॉक्टरांनी आधार देऊन उचलताच तो सहज वर जातो, अशा वेळी दोष मुख्यतः कंडरेत असतो. डॉक्टरांनी उचलूनही हात ठरावीक मर्यादेपलीकडे जात नसेल, कोपर कमरेशी टेकवून पुढील हात बाहेरच्या बाजूस वळविताना अडत असेल, तर सांधा आखडला आहे असे समजावे. सांध्याची झीज हेही अडण्याचे एक कारण असू शकते. म्हणून साधा एक्स-रे काढला जातो. एमआरआय चीर उत्तम दाखवितो. परंतु वेदना त्या चिरेमुळे आहे की आखडण्यामुळे, हे त्यावरून निश्चित होत नाही. ते हाताने तपासूनच ठरवावे लागते. अहवाल वाचून घाबरण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

हिशेब ठेवणारा शल्यविशारद

या विषयाचा इतिहास बॉस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांच्या नावाशी निगडित आहे. सुप्रास्पायनेटसची फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९०९ मध्ये केली आणि तिचा वृत्तान्त १९११ मध्ये प्रसिद्ध केला. ‘द शोल्डर’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ सालचा. ‘फ्रोझन शोल्डर’ ही संज्ञाही त्यातलीच. कंडरा शिवण्याचा मार्ग दाखविणाऱ्या या शल्यविशारदाचेच नाव पुढे एका अत्यंत साध्या व्यायामास मिळाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. कमरेत वाकून हात सैल सोडावयाचा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलवावयाचा, हा तो व्यायाम. जगभरातील फिजिओथेरपी विभागांत आजही तो शिकविला जातो.

कॉडमन यांची आणखी एक गोष्ट हिशेबाच्या जगात वावरणाऱ्या वाचकांस विशेष भावेल. रुग्णालयातून घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचे वर्षभराने काय झाले याची नोंद ठेवलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो सहकाऱ्यांस रुचला नाही आणि १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतःच छापून जाहीर केले. जमेइतकीच नावेची बाजूही उघड मांडणारा असा ताळेबंद वैद्यकात आजही दुर्मीळ आहे.

चीर सर्वांनाच दुखते काय?

असे हिशेब पुढील पिढ्यांनी मांडावयास सुरुवात केली, तेव्हा काही अनपेक्षित गोष्टी समोर आल्या. जपानमध्ये एका डोंगराळ गावातील ६८३ रहिवाशांच्या दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या खांद्यांपैकी २०.७ टक्के खांद्यांत कंडरेस पूर्ण जाडीची चीर होती आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत होते. जपानमधीलच दुसऱ्या एका गावातील ६६४ रहिवाशांच्या पाहणीत (२०१३) चीर असलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींना खांद्याची कोणतीही तक्रार नव्हती. अर्थात पासष्टीच्या गृहस्थांच्या एमआरआयमध्ये चीर दिसली म्हणजे त्यांच्या वेदनेचा आरोपी सापडलाच, असे म्हणता येत नाही. ती चीर कित्येक वर्षे निमूटपणे तेथे असू शकते आणि वेदना नव्याने आखडलेल्या आवरणामुळे सुरू झालेली असू शकते.

व्यायामाने काय साधते याविषयी अमेरिकेतील ‘मून’ या संशोधकगटाचा अभ्यास विशेष बोधप्रद आहे. अपघाताविना चीर पडलेल्या ४५२ रुग्णांना त्यांनी प्रथम ठरावीक पद्धतीचा व्यायामोपचार दिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांत शस्त्रक्रियेकडे वळलेल्यांचे प्रमाण जेमतेम एकचतुर्थांश होते; दहा वर्षांनंतरही ते २७ टक्क्यांच्या आसपासच राहिले. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी ती सुरुवातीच्या काही महिन्यांतच करून घेतली. आणि कोण शस्त्रक्रियेकडे वळेल हे चिरेच्या आकारावरून नव्हे, तर व्यायामाने बरे वाटेल यावर रुग्णाचा विश्वास होता की नाही, यावरून अधिक अचूकपणे सांगता आले!

तथापि, येथेच थांबून ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. फिनलंडमधील ५५ वर्षांवरील रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांच्या फलात लक्षणीय अंतर आढळले नाही, हे खरे. परंतु नॉर्वेमधील १०३ रुग्णांचा अभ्यास दहा वर्षे चालला आणि २०१९ मध्ये त्याचे जे निष्कर्ष आले, त्यांत शिवलेल्या खांद्यांची स्थिती अधिक चांगली होती. न शिवलेल्या चिरांपैकी काही कालांतराने वाढल्या आणि ज्यांच्या वाढल्या त्यांच्या तक्रारीही वाढल्या. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बरोबरीत दिसणारी दोन खाती दहाव्या वर्षी बरोबरीत असतीलच असे नाही. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, अजून बराच काळ हाताने काम करावयाचे आहे अशा व्यक्तीने ही बाब दृष्टीआड करू नये. पंच्याहत्तरीच्या व्यक्तीस तिचे महत्त्व तेवढे असत नाही.

शिवण टिकते का, हाही प्रश्न आहेच. लहान चीर बहुधा चांगली सांधते. मोठ्या चिरांबाबत मात्र अमेरिकेतील सेंट लुईस येथील २००४ च्या एका अभ्यासाने शल्यविशारदांस विचार करावयास लावले. दुर्बिणीतून शिवलेल्या अतिमोठ्या चिरांच्या १८ रुग्णांपैकी १७ जणांची शिवण वर्षभरात पुन्हा उसवलेली आढळली. नवल असे की, यांतील बहुतेकांच्या वेदना तरीही कमी झाल्या होत्या.

आखडलेपणा असेल तेव्हा

वरील चाचण्यांचा रोख मुख्यतः चिरेवर होता. सांधा आखडलेलाही असेल तर क्रम कसा असावा? सर्वमान्य म्हणता येईल अशी रीत पुढीलप्रमाणे आहे. अपघाताचा इतिहास नसल्यास प्रथम आखडलेपणावर उपचार करावा. वेदनाशामक औषधे, आवश्यक वाटल्यास सांध्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन आणि सौम्य ताण देणारे व्यायाम यांस तीन ते सहा महिने द्यावेत. या काळात बहुसंख्य रुग्णांची रात्रीची वेदना ओसरते आणि हालचाल वाढू लागते. त्यानंतर खांद्याची नव्याने तपासणी करावी. हालचाल परत आली, वेदना सुसह्य झाली आणि दैनंदिन कामे होऊ लागली, तर उरलेल्या स्नायूंना बळकटी देऊन चिरेसह सुखाने राहता येते. हालचाल आली पण हातात ताकदच नाही असे दिसल्यास, कंडरा शिवण्याचा विचार आता अधिक अनुकूल परिस्थितीत करता येतो, कारण सांधा मोकळा झालेला असतो.

केवळ आखडलेल्या खांद्यासंबंधी ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शनसह व्यायामोपचार, भूल देऊन हाताने सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून आवरण कापून सैल करणे या तीन उपचारांची त्यात तुलना होती. वर्षअखेरीस कोणताही उपचार दुसऱ्याहून ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या उपायाने आरंभ करण्यात रुग्णाचे सहसा नुकसान होत नाही.

पूर्वी शल्यविशारद एक नियम कटाक्षाने पाळीत : सांधा पूर्ण मोकळा झाल्याखेरीज कंडरा शिवावयाची नाही. आखडलेल्या खांद्यात टाके घातले, तर नंतरच्या सक्तीच्या विश्रांतीने तो कायमचा जखडेल, अशी भीती त्यामागे होती. हा नियम आता पूर्वीइतका कठोर राहिलेला नाही. कोरिया आणि ऑस्ट्रेलिया येथील अनुभव असा की, एकाच वेळी आवरण सैल करून कंडरा शिवली, तरी कालांतराने अशा रुग्णांची हालचाल इतरांच्या बरोबरीला येते. इतकेच नव्हे, तर सिडनी येथील शल्यविशारदांना, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ज्यांचा खांदा आखडलेला राहिला, त्यांची शिवण पुन्हा उसवण्याचे प्रमाण कमी आढळले. शस्त्रक्रियेनंतर हात लवकर वर जात नाही म्हणून निराश होणाऱ्या रुग्णांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. यास्तव, व्यायामाने तीन-चार महिन्यांतही सांधा सुटत नसेल, तर ‘आधी हात पूर्ण वर आणा, मगच या’ या सल्ल्यावर अनंतकाळ थांबून राहण्याचे कारण नाही.

वाट पाहू नये असा प्रसंग

स्कूटरवरून किंवा न्हाणीघरात पडल्यानंतर ज्याचा हात त्या क्षणापासून वर जाईनासा झाला, त्याच्या बाबतीत वरील सर्व क्रम बदलतो. अकस्मात तुटलेली कंडरा हाडापासून मागे सरकते. स्नायू आक्रसतो आणि त्यात हळूहळू चरबी भरते. फ्रान्समधील गुतालिए आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या चरबीचे मोजमाप करण्याची पद्धत मांडली. एका मर्यादेपलीकडे असा बदल झाला की तो मागे फिरत नाही आणि शिवलेली कंडराही टिकत नाही. म्हणून अशा रुग्णाने काही दिवसांतच अस्थिशल्यविशारदांस भेटावे. शस्त्रक्रिया ठरल्यास ती काही आठवड्यांत होणे हितावह असते. ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणून महिनोन्महिने हळदीचा लेप लावीत बसणे या प्रसंगी महागात पडते. दुर्दैवाने आपल्याकडे नेमके उलट घडताना दिसते : अपघाताचे रुग्ण घरी थांबतात आणि वयोमानाने चीर पडलेले रुग्ण अहवाल पाहून शस्त्रक्रियेची घाई करतात.

खेळाडूंचे दाखलेही अनेकदा दिशाभूल करतात. सचिन तेंडुलकर यांच्या उजव्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी शतक झळकाविले, हे बहुतेकांस स्मरत असेल. परंतु तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि व्यायामोपचार हेच त्या काळातील त्यांचे पूर्णवेळ काम होते. साठीच्या मधुमेही व्यक्तीने त्यांच्या सहा महिन्यांशी आपले सहा महिने ताडून पाहू नयेत.

व्यायाम म्हणजे नेमके काय?

लंबकाचा व्यायाम करताना चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाकावे आणि दुखरा हात सैल सोडून पुढे-मागे व गोलाकार झुलवावा. उताणे झोपून दोन्ही हातांत काठी धरावी आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात डोक्याकडे न्यावा. नंतर कोपर अंगाशी ठेवून बाहेरच्या बाजूस ढकलावा. भिंतीवर बोटे चालवीत हात वर चढवावा आणि कालच्या उंचीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. नातवंडांची उंची नोंदविण्याची भिंत यासाठी उत्तम! पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने खालचा हात ओढणे हा व्यायाम सर्वांत अवघड असल्याने तो शेवटी घ्यावा. दिवसातून एकदा तासभर झगडण्यापेक्षा पाच-पाच मिनिटे चार वेळा करणे अधिक लाभदायक असते. व्यायामानंतर थोडा वेळ ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे रात्रीची झोप उडत असेल, तर ताण कमी करावा. ताकद वाढविणारे, रबरी पट्ट्यांचे व्यायाम हालचाल परत आल्यानंतरच सुरू करावेत. जोराने हात पिळणाऱ्या मालीशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे मात्र जाऊ नये. उतारवयात हाडे ठिसूळ असतात आणि झटक्याने चीर वाढण्याचा वा हाड मोडण्याचा धोका संभवतो.

मधुमेहींनी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. स्टेरॉईडच्या इंजेक्शनानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, म्हणून ती वरचेवर तपासावी. शस्त्रक्रिया ठरत असेल, तर नुकतेच इंजेक्शन घेतल्याचे शल्यविशारदांस आवर्जून सांगावे, कारण त्यानंतरच्या महिन्याभरात शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

खर्च आणि काळ

शस्त्रक्रिया म्हणजे व्यायामातून सुटका, हा समज सर्वांत महागडा ठरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन-चार छोट्या छिद्रांतून हाडात ‘अँकर’ नावाचे बारीक खुंटे रोवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा शिवली जाते. रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. परंतु त्यानंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत, सुमारे सहा आठवड्यांनी स्वतःच्या बळावर हालचाल, तीन महिन्यांच्या सुमारास ताकदीचे व्यायाम आणि सहा महिने ते वर्षभरात पूर्ण लाभ, असा क्रम असतो. रंगकाम करणारा कारागीर, शिंपी किंवा एकट्याने दुकान चालविणारा व्यापारी यांच्यासाठी रुग्णालयाच्या देयकापेक्षा हे बुडालेले महिने अधिक खर्चिक ठरतात. अंदाजपत्रकात ते धरले पाहिजेत.

आरोग्यविम्याची रचनाही या निर्णयावर नकळत प्रभाव टाकते. बहुतेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या फिजिओथेरपीचा मात्र, त्यासाठी स्वतंत्र तरतूद नसल्यास, मिळत नाही. त्यामुळे फुकट पडणारी शस्त्रक्रिया स्वस्त आणि पदरच्या पैशांचा व्यायाम महाग वाटू लागतो. शस्त्रक्रियेनंतरची फिजिओथेरपी ‘रुग्णालयोत्तर खर्च’ म्हणून ठरावीक दिवसांपुरती मान्य होऊ शकते. ती किती दिवस, हे पॉलिसीत आधीच पाहावे. अँकरांची संख्या व किंमत अंदाजपत्रकात वेगळी मागून घ्यावी, कारण देयकातील मोठा वाटा त्यांचा असतो. नव्या पॉलिसीत सांध्यांच्या काही शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. अपघाताने झालेल्या इजेस सहसा ही अट लागू होत नाही; म्हणून पडल्याची नोंद पहिल्याच भेटीच्या कागदावर असावी.

उजव्या हातावर शस्त्रक्रिया ठरलेल्या खातेदारांसाठी आणखी एक छोटी सूचना. झोळीत असतानाही बोटे, मनगट आणि कोपर हलविण्यास परवानगी असते, त्यामुळे कागद कमरेच्या उंचीवर ठेवून सही करता येते. परंतु पहिल्या आठवड्यांत ती नमुना सहीशी जुळेलच असे नाही. खाते एकट्याच्या नावे असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच शाखेत जाऊन पती, पत्नी किंवा मुलाचे नाव ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ या पद्धतीने जोडून घ्यावे. लॉकर वरच्या रांगेत असेल, तर त्यातून जे काढावयाचे तेही त्याच फेरीत काढून ठेवावे.